अडगळीतून इतिहासाकडे : डॉ. दिनकर केळकर यांचा वस्तुसंग्रह आणि सामाजिक इतिहासाची साधने

प्रस्तावना :

इतिहासलेखनाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरातील कागदपत्रे डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या साधनांचा शोध अतिशय निष्ठेने घेतला गेला. परंतु ज्या माणसांनी कधी कागदावर अक्षर उमटवले नाही, ज्यांच्या नावाचा उल्लेख कोणत्याही सनदेत आला नाही, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न दीर्घकाळ उपेक्षित राहिला. स्वयंपाकघरातील पळी, देवघरातील समई, पानाच्या तबकातील अडकित्ता, न्हाणीघरातील वज्री या वस्तू अशा माणसांच्या हातून रोज हाताळल्या जात होत्या. त्या झिजल्या, जुन्या झाल्या की त्यांची जागा अडगळीत आणि पुढे मोडीच्या दुकानात होती.

या वस्तूंना अडगळीतून बाहेर काढून वस्तुसंग्रहालयात मानाचे स्थान देणाऱ्या व्यक्तींमध्ये पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा संग्रह आज 'राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय' या नावाने ओळखला जातो. केळकरांच्या या आजन्म छंदाकडे बहुधा कौतुकाने पाहिले जाते. एका माणसाने हजारो वस्तू जमविल्या, याचे नवल सांगितले जाते. प्रस्तुत लेखात मात्र या छंदाचा विचार इतिहासाच्या साधनांच्या अंगाने केला आहे. केळकरांनी किती वस्तू जमविल्या यापेक्षा कोणत्या वस्तू जमविण्यायोग्य मानल्या, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. या विवेचनाच्या आधारे सोलापूर परिसरातील अशा साधनांच्या स्थितीकडेही लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे.

संग्रहाच्या पूर्वपरंपरा : दरबार, धनिक आणि दप्तर

केळकरांच्या कार्याचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्या आधीच्या आणि समकालीन संग्रहांचे स्वरूप पाहणे आवश्यक ठरते. या संग्रहांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार दरबारी संग्रहाचा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावर १९३८ मध्ये संग्रहालयाची इमारत उभारली. राजा रविवर्मा यांची चित्रे, भारतीय लघुचित्रे, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे माता व मूल हे शिल्प अशा कलाकृती एका छोट्या संस्थानात एकत्र आल्या. हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालय हे याच प्रकारचे, परंतु कितीतरी विशाल उदाहरण होय. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९-१९४९) यांनी आपले आयुष्य आणि संपत्ती कलावस्तूंच्या संग्रहासाठी वेचली. त्यांच्या निधनानंतर १९५१ मध्ये हा संग्रह जनतेसाठी खुला झाला आणि १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

दुसरा प्रकार धनिकांच्या संग्रहाचा. मुंबईचे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंनी जमविलेली युरोपीय चित्रे, चिनी व जपानी पोर्सेलीन, जेड या मौल्यवान दगडाच्या वस्तू पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे आल्या. या दोन्ही प्रकारांत निवडीचा निकष दुर्मीळता, सौंदर्य आणि मूल्य हा होता.

तिसरा प्रकार महाराष्ट्राचा खास म्हणावा असा आहे. तो म्हणजे दप्तरांचा संग्रह. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांनी गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे मिळविली आणि १८९८ पासून ती खंडरूपाने प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. रावबहादूर द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यास जमविलेला कागद व चित्रांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आला. या परंपरेत कष्ट, पायपीट आणि निरपेक्षता होती. तथापि तिचे लक्ष प्रामुख्याने राज्यकर्ते, सरदार, लढाया आणि महसूल यांवर केंद्रित झाले होते. राजवाडे ज्या वाड्याच्या माळ्यावर रुमाल शोधत होते, त्याच माळ्यावर पडलेल्या पितळी दिव्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी अद्याप रुजावयाची होती.

केळकरांचा छंद : उगम आणि विस्तार

दिनकर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. त्यांच्या कुटुंबाचा चष्म्यांचा व्यवसाय होता. मराठी वाचकांना ते प्रथम परिचित झाले ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहिणारे कवी म्हणून. संस्थानिकाची जहागीर किंवा उद्योगपतीची संपत्ती त्यांच्यापाशी नव्हती. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि पुढील सुमारे सहा दशके हा शोध अखंड चालू राहिला.

हा काळ त्यांच्या कार्यास एका अर्थाने अनुकूल आणि दुसऱ्या अर्थाने विदारक होता. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर पुण्यातील सरदार व आश्रित घराण्यांचे उत्पन्न आटत गेले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वाडे विकले जाऊ लागले, त्यांचे विभाजन झाले, काही पाडले गेले. वाड्याबरोबर त्यातील कोरीव दरवाजे, खांब, शस्त्रे आणि भांडीही बाहेर पडली. त्यांना येणारी किंमत कारागिरीची नव्हती. धातूची किंमत वजनावर आणि लाकडाची किंमत सरपणावर ठरत असे.

याच काळात घरगुती जीवनातील तंत्रही बदलत होते. विजेचा दिवा आल्यावर समई देवघरापुरती उरली आणि लामणदिवा, ठाणवई, दिवटी हे प्रकार निरुपयोगी ठरले. नळाचे पाणी आल्यावर घंगाळ व रांजण मागे पडले. स्वातंत्र्योत्तर काळात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघरी पोहोचली. त्यांना कल्हई लागत नसे आणि ती घासण्यास सोपी होती. परिणामी तांब्या-पितळेची पिढीजात भांडी मोडीत देऊन नवी भांडी घेणे हा सर्वत्र रूढ व्यवहार झाला. या व्यवहारात गृहिणीच्या कष्टाची बचत होती, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच व्यवहारात शेकडो वर्षांचे घरगुती शिल्प भट्टीत वितळून गेले. केळकरांचा संग्रह म्हणजे या भट्टीशी चाललेली शर्यत होती.

या कार्यात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना लाभली. महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारत अशा विविध प्रदेशांतील वस्तू त्यांनी मिळविल्या. केळकर दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा याचे बालवयातच निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयास 'राजा' हे नाव जोडण्यात आले. त्यामुळे या नावातील 'राजा' हे राजपद नसून एका बालकाची स्मृती आहे, हे अनेक प्रेक्षकांना ठाऊक नसते. १९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९७५ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. १९८० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले. संग्रहातील वस्तूंची संख्या आज २०,००० हून अधिक असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच प्रदर्शित करणे शक्य झाले आहे.

घरातील वस्तू : एक ऐतिहासिक साधन

केळकर संग्रहालयात शस्त्रे, वाद्ये, वस्त्रे, चित्रे, कोरीव दरवाजे व खिडक्या असे अनेक विभाग आहेत. तथापि त्याचे खरे वैशिष्ट्य दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, पानदाने, दौती आणि स्वयंपाकाची साधने यांत आहे. या वस्तूंतून सामाजिक इतिहास कसा उलगडतो, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

अडकित्ता ही सुपारी कातरण्याची साधी यंत्रणा आहे. दोन पाती, एक खीळ आणि दोन मुठी एवढेच तिचे भाग. परंतु कारागिराने या मुठींना पोपट, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी असे आकार दिले. पान-सुपारी हा केवळ खाण्याचा पदार्थ नव्हता. लग्न ठरविणे, पाहुण्यांचे स्वागत करणे, बैठकीचा समारोप करणे हे सारे व्यवहार विड्याने पूर्ण होत. म्हणून अडकित्ता हा चारचौघांत हाताळला जाणारा, घराची प्रतिष्ठा दाखविणारा जिन्नस होता. शेतकऱ्याच्या चंचीतला साधा लोखंडी अडकित्ता आणि सरदाराच्या तबकातला नक्षीदार अडकित्ता शेजारी ठेवले असता एकाच चालीरीतीतील सामाजिक अंतर दृष्टीस पडते.

वज्रीचे उदाहरण अधिक बोलके आहे. पायाच्या टाचा घासण्याची ही वस्तू खडबडीत बुडाची असते. तिच्या माथ्यावर पक्षी, प्राणी किंवा मानवाकृती घडविलेली दिसते. न्हाणीघरात वापरल्या जाणाऱ्या, पाहुण्याच्या नजरेस कधीही न पडणाऱ्या वस्तूवर कारागिराने इतके श्रम का घेतले असतील? याचे एक उत्तर असे की सौंदर्य ही केवळ प्रदर्शनाची बाब नव्हती. ती वापराचा भाग होती. विशेषतः ज्या स्त्रियांच्या आयुष्याविषयी दप्तरे जवळजवळ मौन पाळतात, त्यांच्या दैनंदिन आयुष्याची साक्ष वज्री, करंडा, फणी आणि किसणी यांसारख्या वस्तू देतात.

दिव्यांच्या विभागातून तंत्राचा आणि श्रद्धेचा इतिहास एकत्र दिसतो. साखळीने टांगलेल्या लामणदिव्यात तेलाचा साठा व वात यांची रचना, हातात धरावयाच्या दिव्याचा तोल, समईच्या वातींची संख्या यांमागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. तेल ही खर्चाची वस्तू होती, हे ध्यानात घेतले की रात्रीचा उजेड किती घरांना आणि किती वेळ परवडत असेल, हा आर्थिक इतिहासाचा प्रश्न या दिव्यांपाशी उभा राहतो.

विद्वानांच्या वर्तुळातही याच सुमारास अशी दृष्टी आकारास येत होती. पुण्यात राहून संशोधन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासात दगडी हत्यारे, ग्रामदेवता आणि हयात चालीरीती यांना साधन म्हणून मान्यता दिली. त्यांचा 'मिथ अँड रिॲलिटी' हा ग्रंथ १९६२ चा, म्हणजे केळकर संग्रहालयाच्या स्थापनेच्याच वर्षाचा. फ्रान्समध्ये फेर्नां ब्रोदेल यांनी १९६७ मध्ये अन्न, वस्त्र, निवारा यांच्या भौतिक जीवनावरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. केळकर हे इतिहासाचे सिद्धांतकार नव्हते. परंतु सिद्धांताला ज्या वस्तूंची गरज पडणार होती, त्या त्यांनी आधीच वाचवून ठेवल्या होत्या.

जागतिक संदर्भ :

केळकरांची तुलना सालारजंगांशी करण्यापेक्षा स्वीडनच्या आर्टूर हाझेलियुस आणि अमेरिकेच्या हेन्री मर्सर यांच्याशी करणे अधिक उचित ठरेल. औद्योगिकीकरणामुळे शेतकरी जीवन लोप पावत असल्याचे पाहून हाझेलियुस यांनी १८७३ मध्ये स्टॉकहोम येथे लोकजीवनातील वस्तूंचे संग्रहालय सुरू केले आणि १८९१ मध्ये स्कान्सेन या ठिकाणी जुनी घरेच आणून उभारली. मर्सर यांनी १८९७ पासून पेनसिल्व्हेनिया प्रांतात यंत्रयुगापूर्वीची हत्यारे व अवजारे जमविली आणि १९१६ मध्ये त्यांच्यासाठी संग्रहालय उभे केले. तिघांच्याही बाबतीत संग्रहाची प्रेरणा एकच होती. जी वस्तू काल सर्वांकडे होती म्हणून कोणी जपली नाही, ती उद्या कोणाकडेच उरणार नाही, ही जाणीव त्यामागे होती. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष केळकरांनी आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले, त्याचे नातेही स्कान्सेनच्या प्रयोगाशी जुळते.

मर्यादांचा विचार :

कोणत्याही वैयक्तिक संग्रहाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांची नोंद घेणे संशोधनाच्या दृष्टीने अगत्याचे ठरते. अशा संग्रहांच्या तीन मर्यादा येथे नमूद करता येतात.

पहिली मर्यादा संदर्भाची. मूळ ठिकाणाहून हललेली वस्तू सुरक्षित होते, पण तिच्या भोवतीचा परिसर तिच्याबरोबर येत नाही. दिवा कोणत्या गावचा, कोणत्या घरातला, कोणी घडविला, त्याला तेथे काय म्हणत, ही माहिती वस्तू घेतानाच टिपली गेली नाही तर ती नंतर मिळविणे जवळपास अशक्य असते.

दुसरी मर्यादा निवडीची. संग्राहकाची नजर स्वभावतः नक्षीकडे वळते. त्यामुळे नक्षीदार अडकित्ता संग्रहात येतो आणि अगदी साधा अडकित्ता मागे राहतो. शिवाय पितळी समई ज्या घरात होती ते घर पितळ विकत घेऊ शकत होते. भूमिहीन, दलित व भटक्या समाजांच्या घरांतील माती, बांबू, चामडे, गवत आणि चिंध्या यांच्या वस्तू नाशवंत असल्याने आणि त्यांना बाजारात किंमत नसल्याने संग्रहांत क्वचितच दिसतात. घरगुती वस्तूंचा संग्रहदेखील सर्व घरांचा संग्रह असतो असे नाही.

तिसरी मर्यादा कायद्याची आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. परंतु खासगी मालकीच्या वस्तूंच्या नोंदणीची सक्ती मुख्यतः मूर्ती-शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांना लागू आहे. घरगुती भांडी, दिवे, अवजारे या नोंदणीच्या बाहेर राहतात. म्हणजे केळकरांनी ज्या वस्तूंना इतिहासाचा दर्जा दिला, त्या आजही बव्हंशी मालकाच्या इच्छेवर आणि मोडीच्या भावावर अवलंबून आहेत.

सोलापूर परिसर : तेरचा धडा आणि आजचा प्रश्न

वस्तुसंग्रहाची ही परंपरा केवळ पुण्यापुरती सीमित नाही. सोलापूरच्या उत्तरेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले तेर हे प्राचीन तगर होय. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा व्यापारी पेठ म्हणून उल्लेख आहे. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या प्राचीन वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, खापरे अशा हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासकीय संग्रहालय झाला व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. लामतुरे यांच्या संग्रहाचा विशेष असा की तो ज्या मातीतून निघाला त्याच गावात राहिला. केळकरांच्या संग्रहात प्रदेशांचे वैविध्य आहे, तर लामतुरे यांच्या संग्रहात स्थळाचे सातत्य आहे. अभ्यासकाला दोहोंची गरज असते.

मात्र या दोन्ही संग्रहांत एक गोष्ट समान आहे आणि तीच निर्णायक ठरली. दोन्ही संग्रह संग्राहकाच्या आयुष्यापुरते न राहता सार्वजनिक झाले. वारसांत वाटणी, जागेची अडचण आणि विक्रेत्यांची मागणी यांमुळे खासगी संग्रह एका पिढीत पांगण्याचा धोका नेहमीच असतो. १९७५ चे हस्तांतरण हे म्हणून केळकरांच्या संग्रहकार्यातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानावे लागते. वस्तू मिळविण्यासाठी जशी आसक्ती लागते, तशी ती सोडून देण्यासाठी विरक्ती लागते.

सोलापूर शहरात आज जे घडत आहे त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि शहर गिरणगाव म्हणून वाढले. मराठी, कन्नड व तेलुगू भाषक कुटुंबांच्या घरांत भांडी, दिवे, पाळणे, हातमागाचे धोटे आणि फण्या होत्या. गिरण्या बंद पडल्या, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. जुन्या पेठांतील वाडे व चाळी सोडून अनेक कुटुंबे जुळे सोलापूरसारख्या नव्या वसाहतींत राहावयास गेली. नव्या घरात जात्याला, पाटा-वरवंट्याला किंवा खड्डामागाच्या सामानाला जागा नसते. घर बदलण्याचा दिवस हा वस्तूंच्या दृष्टीने निवाड्याचा दिवस असतो. १९२० ते १९६० या काळात पुण्याच्या वाड्यांत जे घडले, तेच येथे वेगळ्या स्वरूपात घडत आहे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक शहरात मोठे संग्रहालय उभारणे शक्य होणार नाही. परंतु महाविद्यालयांचे इतिहास विभाग वस्तूंच्या नोंदीचे काम निश्चितपणे करू शकतात. वस्तूचे छायाचित्र, मोजमाप, घटक द्रव्य, घरात रूढ असलेले मराठी, कन्नड वा तेलुगू नाव, उपयोग, ती कोणी वापरली व घरात कशी आली, एवढी माहिती असलेला एका पानाचा नोंदतक्ता पुरेसा आहे. वस्तू मालकाकडेच राहावी, नोंद मात्र सार्वजनिक व्हावी. अशी नोंद घेताना घरातील वृद्ध स्त्रियांची मुलाखत हा अनिवार्य भाग असावा, कारण वस्तूचे नाव आणि उपयोग बहुधा त्यांनाच ठाऊक असतो.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील दरबारी व धनिक संग्रहांचा निकष दुर्मीळता हा होता, तर दप्तरसंग्रहाचा निकष राजकीय महत्त्व हा होता. केळकरांनी रोजच्या वापरातील वस्तूस संग्रहयोग्य मानून तिसरा निकष रूढ केला.

२) अडकित्ता, वज्री, दिवे यांसारख्या वस्तूंतून स्त्रिया, कारागीर व सामान्य कुटुंबे यांच्या इतिहासाची अशी साधने उपलब्ध होतात, जी लिखित कागदपत्रांत आढळत नाहीत.

३) वैयक्तिक संग्रहास संदर्भनोंदीची व निवडीची मर्यादा असते. निर्धन समाजांच्या नाशवंत वस्तू त्यात अत्यल्प असतात, याचे भान अभ्यासकाने ठेवावे.

४) संग्रहाचे टिकणे हे त्याच्या सार्वजनिक होण्यावर अवलंबून असते, हे पुणे व तेर या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

५) घरगुती वस्तूंना कायद्याच्या नोंदणीचे संरक्षण फारसे नसल्याने सोलापूरसारख्या शहरांत त्यांची नोंद घेण्याचे काम स्थानिक शैक्षणिक संस्थांनी तातडीने हाती घेणे गरजेचे आहे.

केळकरांनी एका कुटुंबाच्या मिळकतीतून जे केले, ते आज एका संस्थेच्या सामूहिक श्रमातून अधिक शास्त्रशुद्ध रीतीने करता येईल. मोडीच्या दुकानात वजनकाट्यावर चढलेली वस्तू परत येत नाही, आणि तिचे नाव सांगणारी पिढीही फार काळ थांबणार नाही.